प्रवासप्रश्न : भर समुद्रातला दिवस

गेल्या अंकात मुंबईहून निघणाऱ्या क्रूझसफरींविषयी थोडक्यात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत बंदरे, किल्ले किंवा बेटे यांच्यापेक्षा, जहाज कुठेच थांबत नाही त्या मधल्या दिवसाविषयीच अधिक विचारणा झाली आहे. म्हणून या वेळचे सदर त्या एका दिवसासाठी ठेवले आहे.

प्रश्न : माझे वय 66 असून माझे यजमान 72 वर्षांचे आहेत. आमच्या मुलाने आम्हा दोघांसाठी जानेवारीतली मुंबई-लक्षद्वीप सफर आरक्षित केली आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी जहाज निघेल आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अगत्ती बेटाजवळ पोहोचेल, म्हणजे मधला संपूर्ण दिवस पाण्यावर जाणार. आम्ही दोघांनीही आजवर जहाजात पाऊल ठेवलेले नाही. यजमानांना घाटातल्या एसटीतही मळमळते. उतरायचे नाही आणि पाहायला पाण्याशिवाय काही नाही, असा दिवस आम्ही कसा काढावा? (निवृत्त शिक्षिका, सांगली)

उत्तर : आपण शिक्षिका होतात, म्हणून उत्तराची सुरुवात एका सोप्या गणिताने करते. मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि अगत्ती 11 अंशांच्या किंचित खाली. दोन्ही ठिकाणांचे रेखांश मात्र जवळजवळ सारखेच आहेत, त्यामुळे आपले जहाज नकाशावर सरळ खाली, दक्षिणेला जाणार आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे 60 सागरी मैल. तेव्हा हे अंतर पाचशे सागरी मैलांच्या थोडे आत भरते. ते कापायला संध्याकाळपासून तिसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंतचे सुमारे 38 तास हाताशी असतात, म्हणजे ताशी सरासरी 13 सागरी मैल किंवा 24 किलोमीटर वेग पुरतो. सांगलीच्या रस्त्यावर जोमाने सायकल हाणणारा मुलगा याच वेगाने जातो. जहाजाला याहून जोरात पळता येते, पण घाई नसते. पहाटेच्या उजेडात बेट दिसावे, अशा बेताने ते चालवले जाते. त्यामुळे मधला दिवस हा दोन ठिकाणांमधला खोळंबा आहे असे मनात धरून जहाजावर चढू नका. सायकलच्या चालीने आठ अंश दक्षिणेला जाणे हाच या सफरीचा गाभा आहे आणि तो नीट पाहायचा असेल तर आदल्या संध्याकाळपासूनच पाहायला लागावे.

जहाज सुटण्यापूर्वी सर्व प्रवाशांना आपत्कालीन सराव करावा लागतो. सात छोटे आणि एक लांब असा भोंगा म्हणजे आपापल्या ठरलेल्या जागी जमण्याचा इशारा, हे तिथे सांगतात आणि लाइफ जॅकेट कसे घालायचे तेही दाखवतात. इटलीच्या किनाऱ्याजवळ जानेवारी 2012 मध्ये ‘कोस्टा काँकॉर्डिया’ बुडाले, तेव्हा नव्याने चढलेल्या कित्येक प्रवाशांचा हा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर प्रवाशांचा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. अनेकजण या वेळी मोबाइलवर छायाचित्रे काढत उभे असतात. आपण तसे करू नये, आणि आपल्या केबिनपासून ठरलेल्या जागेपर्यंतची वाट दोघांनी एकदा जिन्याने चालून पाहावी, कारण अशा प्रसंगी लिफ्ट वापरता येत नाही.

मग थेट वरच्या डेकवर जावे. जहाज बंदराबाहेर पडते तेव्हा उजव्या हाताला कुलाब्याच्या टोकाशी 1875 मध्ये बांधलेले प्राँग्ज दीपगृह दिसते आणि डाव्या बाजूला, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये इंग्रजांच्या आणि सिद्दीच्या डोळ्यांदेखत तटबंदी उभारली ती याच बेटावर. आता त्याला कान्होजी आंग्रे बेट म्हणतात आणि तिथले दीपगृह 1867 पासून उभे आहे. इतिहासाच्या पुस्तकात हे बेट मुंबईच्या उरावर बसले होते असे आपण शिकवले असेल. ते म्हणजे नेमके काय, हे बंदरातून बाहेर पडणाऱ्या जहाजावरूनच कळते.

अंधार पडला की आणखी एक काम करावे. उत्तरेला ध्रुवतारा शोधावा, हात ताठ पुढे करून मूठ वळावी आणि क्षितिजापासून तारा किती मुठी उंच आहे ते मोजावे. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. मुंबईजवळ ध्रुव जवळजवळ दोन मुठी उंच दिसेल. हा आकडा लक्षात ठेवावा. तो पुढे लागणार आहे.

आता प्रत्यक्ष त्या दिवसाकडे वळू. जानेवारीत तिथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे पहाटे फार लवकर उठण्याची सक्ती नाही. साडेसहाला शाल पांघरून चहाचा कप हाती घेऊन डेकवर गेलात तरी पुरे. त्या वेळी बहुतेक प्रवासी झोपलेले असतात, संगीत सुरू झालेले नसते, आणि पाणी कापले जाण्याचा एकसंध आवाज तेवढा ऐकू येतो. कठड्याजवळ उभे राहून प्रथम पाण्याचा रंग पाहावा. मुंबईच्या खाडीतले पाणी गाळामुळे करडे-तपकिरी असते. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर गाळ मागे राहतो आणि पाणी हिरवट होते. पुढे तळ खोल जातो, पाण्यातले सूक्ष्म जीव विरळ होतात, आणि मग जो रंग येतो त्याला निळा म्हणणे अपुरे वाटते. शाईची दौत उन्हात धरावी तसा तो दिसतो. हा बदल एकदम होत नाही. सकाळी नऊला एकदा, दुपारी एकदा आणि चार वाजता एकदा असे तीनदा त्याच कठड्याशी येऊन पाहिले तरच तो ध्यानात येतो. माझ्या मते त्या दिवसाचा सर्वांत मोठा कार्यक्रम हाच, आणि जहाजावर छापून मिळणाऱ्या दिनक्रमाच्या पत्रकात तो कधीच नसतो.

पाण्याकडे पाहत राहिलात तर जहाजाच्या पुढच्या बाजूने घाबरून उसळणारे उडते मासे दिसण्याची बरीच शक्यता असते. ते पक्ष्यांसारखे पंख हलवत नाहीत. शेपटीच्या फटकाऱ्याने पाण्याबाहेर येतात आणि रुंद पर पसरून वाऱ्यावर तरंगत जातात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती चांदीची चिमुकली पाखरेच वाटतात. डॉल्फिन दिसणे मात्र नशिबावर आहे. दिसले तर जोडीदाराला हाक मारण्याच्या आतच ते मागे पडतात, म्हणून पाहायला दोघांनी एकत्र उभे राहावे.

न्याहारी आठच्या आत उरकावी. साडेआठ ते दहा या वेळेत बुफेसमोर आणि लिफ्टसमोर इतकी गर्दी होते, की विश्रांतीसाठी आलेल्या माणसाला तिथेच थकवा येतो. त्यानंतर पत्रकातले दोन कार्यक्रम निवडावे, दोनच. जादूचे प्रयोग, गाण्यांच्या भेंड्या, नृत्याचे वर्ग, पाककृतींची प्रात्यक्षिके अशी रांग लागलेली असते, आणि पैसे भरले आहेत तर सगळे पाहून घ्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे केलेल्या अनेक जोडप्यांशी मी बोलले आहे. त्यांना समुद्र कसा होता असे विचारले की ते क्षणभर गप्प होतात. सकाळचा एक आणि रात्रीचा एक एवढे कार्यक्रम घेऊन बाकीचा दिवस मोकळा ठेवावा. आपण दोघे पुस्तके नेत असाल तर जाडजूड कादंबरीऐवजी मध्येच मिटता येईल असे काही न्यावे. ऊन वाऱ्यामुळे जाणवत नाही, पण त्वचा भाजते. टोपी हनुवटीखाली बांधायचा बंद असलेली घ्यावी, नाहीतर ती पहिल्याच तासात अरबी समुद्राला अर्पण होईल.

पुष्कळ जहाजांवर दुपारी कॅप्टन ध्वनिक्षेपकावरून जहाजाचे अक्षांश-रेखांश, वेग आणि खोली सांगतो. आपल्या हाती वहीत काढलेला साधा नकाशा असेल, तर तिथे टिंब देऊन आपण कोणत्या किनाऱ्याच्या रेषेत आहोत ते पाहता येईल. मुंबई ते अगत्ती या वाटेवर रात्री आपण विजयदुर्गाच्या रेषेतून जाता. त्या किल्ल्यापासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचे प्रवाळांचे बुडालेले पठार आहे, ज्याच्या नावावरून 2018 मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेल्या प्रवासी जहाजाचे नाव ‘आंग्रिया’ ठेवले गेले. दुपारपर्यंत गोवा मागे पडून आपण कर्नाटकाच्या किनाऱ्यासमोर असता, मात्र जमीन कुठेच दिसत नाही. समुद्रसपाटीपासून 30 मीटर उंचीच्या डेकवरून क्षितिज सुमारे 20 किलोमीटरवर असते. भोवतीचा एवढाच गोल आपला, आणि तो आपल्याबरोबर सरकत राहतो. आणखी एक गोष्ट आपल्यातल्या शिक्षिकेला आवडेल. आपली घड्याळे मिर्झापूरजवळच्या रेखांशाची वेळ दाखवतात आणि आपण त्याच्या दहा अंश पश्चिमेला असता, म्हणून सूर्य जास्तीत जास्त उंचीवर येतो तो बाराला नव्हे, पाऊण वाजण्याच्या सुमारास. डेकवर स्वतःची सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते पाहावे.

यजमानांच्या त्रासाविषयी आता सविस्तर लिहिते. बोट लागणे हा आपल्या कोकणातला जुना शब्द आहे. माझ्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने आम्ही विजयदुर्गाला जात असू, तेव्हा आजी कमरेच्या पिशवीत आलेपाकाच्या वड्या ठेवत असे आणि आम्हा मुलांना खाली बसू न देता वाऱ्यावर उभे करून ‘लांब बघा’ म्हणत असे. तिचे दोन्ही उपाय शास्त्राला धरून होते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव शरीर हलत असल्याचे सांगतो, आणि बंद खोलीतल्या न हलणाऱ्या भिंती पाहणारे डोळे त्याच्या उलट सांगतात. या विसंगतीने मळमळ सुरू होते. क्षितिजाकडे पाहिले की डोळ्यांचा आणि कानांचा मेळ बसतो. म्हणून त्रास होऊ लागताच केबिनमध्ये जाऊन आडवे होण्याऐवजी मोकळ्या हवेत यावे, वाचन आणि मोबाइल थांबवावा, आणि पोट अगदी रिकामे ठेवू नये. दहीभात, इडली, कोरडी भाकरी असे काही थोडे थोडे खावे. आले किंवा सुंठ बरोबर असावी.

घाटात ज्याला त्रास होतो त्याला जहाजावर होईलच असे नाही, कारण एसटीची वळणे आणि जहाजाचे सावकाश डोलणे या निराळ्या हालचाली आहेत. शिवाय आधुनिक क्रूझ जहाजांच्या बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात, जे डोलणे पुष्कळ कमी करतात, आणि जानेवारीत हा समुद्र सहसा शांत असतो. पावसाळ्यात गोष्ट वेगळी. जून ते सप्टेंबरचा अरबी समुद्र आपल्या मच्छीमारांनाही नकोसा असतो. तरीही प्रवासात घेण्याच्या गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारून आधीच आणून ठेवाव्यात आणि मळमळ सुरू होण्यापूर्वी घ्यावयाच्या की कसे ते त्यांच्याकडून समजून घ्यावे. यजमानांना काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटमुळे लघवीला अडचण होत असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण यातल्या काही गोळ्या अशा रुग्णांना त्रासदायक ठरतात. त्यांनी गुंगीही येते. नेहमीची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठे सामान केबिनपर्यंत पोहोचायला काही तास लागतात.

केबिनचा क्रमांक अजून मिळाला नसेल, तर मुलाला सांगून जहाजाच्या मध्यभागातली, खालच्या मजल्यावरची केबिन मागून घ्यावी. जहाज सी-सॉच्या फळीसारखे टोकांना जास्त आणि मध्ये कमी हलते. दुसरी खबरदारी मी स्वतः मोल देऊन शिकले आहे. एका सफरीत माझी केबिन पोहण्याच्या तलावाच्या नेमकी खाली आली आणि रात्री दोनपर्यंत लोखंडी खुर्च्या ओढल्याचा आवाज डोक्यावर ऐकावा लागला. तेव्हापासून वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशीच जागा मी मागते.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. त्या वेळी जिथे नाचगाणे चालू असेल तो डेक सोडून एखादा मजला खाली, बाजूच्या मोकळ्या मार्गिकेत जावे. रात्री नऊनंतर दिव्यांपासून दूर असा कोपरा शोधून दक्षिणेकडे पाहावे: व्याधाच्या खाली अगस्तीचा तेजस्वी तारा सांगलीत दिसतो त्यापेक्षा किंचित वर आलेला असेल. आणि तिसऱ्या दिवशी, एवढे एकदाच, पहाटे पाच-सव्वापाचला उठावे. आकाश निरभ्र असेल तर दक्षिण क्षितिजाच्या वर त्रिशंकूचे चार तारे उभे दिसतील. मग जहाजाच्या मागच्या बाजूला वळून पुन्हा मूठ पुढे धरावी. मुंबईला दोन मुठी उंच असलेला ध्रुव आता जेमतेम एक मूठ उंच उरलेला असेल. पृथ्वीच्या गोलाईवरून आपण आठ अंश खाली उतरून आलो आहोत, हे आपण किती वर्षे फळ्यावर वर्तुळ काढून शिकवले असेल. त्या पहाटे ते आपल्या स्वतःच्या हाताने मोजलेले असेल.

अगत्तीला जहाज धक्क्याला लागत नाही. प्रवाळांच्या कड्याबाहेर ते थांबते आणि प्रवाशांना लहान बोटींतून बेटावर नेतात, जसे आमच्या विजयदुर्गाला आगबोटीतून पडावात उतरवत असत. जहाज आणि बोट दोन्ही हलत असताना पाऊल टाकावे लागते, त्यामुळे गुडघे दुखत असतील तर खलाशाचा हात निःसंकोच धरावा.

प्रश्न : माझा व्यवसाय असल्याने मला दिवसभर फोनवर उपलब्ध राहावे लागते. भर समुद्रात मोबाइल चालतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : किनारा दूर गेला की आपल्या नेहमीच्या कंपनीचे जाळे मिळत नाही. पुष्कळ जहाजांवर उपग्रहाद्वारे चालणारे स्वतःचे मोबाइल जाळे असते आणि आपला फोन न विचारता त्याला जोडला जाऊ शकतो. त्याचे दर साध्या परदेशी रोमिंगपेक्षाही पुष्कळ जास्त असतात. म्हणून बंदर सुटताच फोन विमानप्रवासाच्या स्थितीत ठेवावा आणि गरज असेल तर जहाजाचे वायफाय पैसे भरून घ्यावे, मात्र ते घरच्यासारखे वेगवान चालेल असे धरून कोणाला शब्द देऊ नये. माझा खरा सल्ला वेगळा आहे. हा एक दिवस आपण उपलब्ध नाही असे आठवडाभर आधी सर्वांना कळवावे, आणि तातडीसाठी जहाजाच्या कंपनीचा संपर्क घरी देऊन ठेवावा.

प्रश्न : क्रूझ जहाजे समुद्र खूप घाण करतात असे वाचले. अशा सफरीला जाणे योग्य आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे उत्तर गोड करून सांगणार नाही. क्रूझ जहाज म्हणजे स्वतःची वीज आणि बहुधा स्वतःचे गोडे पाणीही तयार करणारे तरंगते हॉटेल असते. त्याची इंजिने रात्रंदिवस चालतात आणि त्याच अंतरासाठी रेल्वेने जाण्यापेक्षा प्रवाशामागे कितीतरी अधिक इंधन जळते. नियम मात्र आहेत. मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्लास्टिक समुद्रात कुठेही टाकता येत नाही. दळलेले अन्न किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांपलीकडे आणि न दळलेले 12 मैलांपलीकडेच टाकता येते, तर प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यालाही 12 मैलांची मर्यादा आहे. जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा 1 जानेवारी 2020 पासून 3.5 टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी 1998, 2010 आणि 2016 मध्ये तापलेल्या पाण्यामुळे विरंजनाचे, म्हणजे रंग उडून पांढरे पडण्याचे, मोठे फटके सोसले आहेत, तेव्हा तिथे जाणाऱ्याने प्रवाळांवर पाय न देण्याची आणि काहीही न तोडण्याची काळजी घेतलीच पाहिजे. दरवर्षी क्रूझ करणे मला पटत नाही. आयुष्यात एकदा, नीट डोळे उघडे ठेवून, बुफेत ताटात उष्टे न टाकता केलेली सफर मी नाकारणार नाही.

प्रश्न : आम्ही नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहणारे लोक. जहाजावरून भर समुद्रात नारळ आणि फुले अर्पण केलेली चालतील का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपली भावना मी जाणते, पण जहाजाच्या कठड्यावरून कोणतीही वस्तू पाण्यात टाकण्यास मनाई असते, मग ते फूल असो वा नारळ. दहा मजल्यांवरून सुटलेला नारळ वाऱ्याने खालच्या एखाद्या बाल्कनीत जाऊन कोणाला लागू शकतो, हेही ध्यानात घ्यावे. नारळ घरून निघण्यापूर्वी आपल्याच किनाऱ्यावर वाहावा. जहाजावर सूर्योदयाच्या वेळी पूर्वेकडच्या, म्हणजे दक्षिणेला जाताना डाव्या हाताच्या, कठड्याशी उभे राहून हात जोडता येतात. त्या वेळी तिथे जागाही भरपूर असते.